उसने हसू

यंदाच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत माझ्या थोरल्या बहिणीची नात पुण्याहून संगमनेरला आली ती हसू गोळा करायला. इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाची परीक्षा आटोपली होती आणि पुढल्या वर्षीच्या प्रोजेक्टची तयारी तिने आतापासूनच सुरू केली होती. विषय असा, की हसणाऱ्या माणसाची चित्रफीत संगणकाला दाखवायची आणि संगणकाने सांगायचे, हे हसू आतून आलेले आहे की मुद्दाम आणलेले. त्यासाठी तिला माणसे हवी होती. माणसांची आमच्या घरी कधी वाण नसते.

ती एकेकाला खिडकीपाशी खुर्चीवर बसवायची. आधी सांगायची, "आता छान हसा." मग समोर काही तरी गमतीची फीत लावायची आणि हसू आपोआप येईपर्यंत वाट पाहायची. पहिले हसू एका कप्प्यात, दुसरे दुसऱ्या कप्प्यात. आमच्या सौभाग्यवती बसल्या तेव्हा म्हणाल्या, "मला फीत कशाला लावतेस? यांच्याकडे बघितलं तरी पुरे." आणि त्या खरोखरच हसल्या. माझी पाळी आली तेव्हा मात्र पंचाईत झाली. माझे मुद्दाम आणलेले हसू यंत्राने 'खरे' ठरवले आणि गमतीची फीत पाहून जे आले ते 'खोटे'. पोरगी गोंधळली. "मामाआजोबा, तुम्ही माझा सगळा हिशेब चुकवताय." मी तिला म्हटले, "बाई गं, कर्ज मागायला आलेल्या माणसांपुढे मी छत्तीस वर्षे हसलोय. तुझं यंत्र अजून शिकाऊ आहे."

गमतीचा भाग सोडला, तरी विषय मनात राहिला. खरे हसू आणि खोटे हसू ओळखण्याची ही हौस काही आजची नाही. आणि तिचा शेवट कुठे होऊ शकतो, याचा एक अनुभव आमच्या अगदी शेजारी घडून गेला आहे. तो पुढे सांगतो. आधी या विद्येविषयी थोडे.

ड्यूशेन नावाचा एक फ्रेंच डॉक्टर होता. माणसाच्या चेहऱ्यावर विजेचा हलका प्रवाह देऊन कोणता स्नायू काय करतो हे तो पाहत असे. पॅरिसमधल्या एका म्हाताऱ्याच्या चेहऱ्याची संवेदना जवळजवळ गेलेली होती, त्यामुळे त्याला दुखत नसे. ड्यूशेनने त्याच्या गालावर प्रवाह दिला की ओठांचे कोपरे वर जात. पण चेहरा काही हसरा दिसेना. मग त्याच म्हाताऱ्याला काही विनोदी सांगितल्यावर तो हसला, तेव्हा गालांबरोबर डोळ्यांभोवतीचा स्नायूही आकसला. गालाच्या हाडापासून ओठाच्या कोपऱ्यापर्यंत जाणारा स्नायू आपल्या हुकमात आहे. डोळ्याभोवतीचा, वर्तुळासारखा, तो मनाच्या हुकमात आहे, असा निष्कर्ष त्याने १८६२ साली फोटोंसकट छापला. दहा वर्षांनी डार्विनने भावनांवर पुस्तक लिहिले, तेव्हा हेच फोटो ओळखीच्या लोकांना दाखवून पाहिले.

पुढे अमेरिकेत पॉल एकमन आणि वॉलेस फ्रिझन या दोघांनी १९७८ मध्ये चेहऱ्याच्या एकेका हालचालीला क्रमांक दिले. गाल उचलला जाऊन डोळ्याभोवती सुरकुती पडली की क्रमांक सहा. ओठाचा कोपरा खेचला गेला की क्रमांक बारा. आम्हा बँकवाल्यांना हे चटकन समजते. चेहऱ्याचे लेजर म्हणा ना. नुसती बारा क्रमांकाची नोंद असेल तर ते शिष्टाचाराचे हसू. सहा आणि बारा दोन्ही असतील तर आनंदाचे. त्यानंतर संगणक आले आणि नोंदी घेण्याचे काम त्यांनी उचलले. संगणक सुरकुतीबरोबर वेळही मोजतो. आपोआप आलेले हसू हळूहळू उमलते आणि हळूहळू मावळते. मुद्दाम आणलेले झटकन येते. पापण्यांची हालचालसुद्धा त्यात धरतात. ॲम्स्टरडॅममधल्या संशोधकांनी ८ ते ७६ वर्षांच्या ४०० माणसांची १२४० हास्ये टिपून २०१२ साली प्रसिद्ध केली. आमच्या पोरीची कृतीही थेट तिथूनच घेतलेली आहे. त्या संग्रहावर संगणकाचा निवाडा शंभरात नव्वदच्या आसपास बरोबर येतो, असे तिने मला अभिमानाने सांगितले.

मी तिला विचारले, "नोटा मोजायच्या यंत्राने शंभरातल्या दहा नोटांबद्दल चुकीचा निवाडा दिला, तर कुठली बँक ते काउंटरवर ठेवील?" ती म्हणाली, "तुम्ही बँकवाले भलतेच खडूस." पण मग तिनेच पुढचे सांगितले, तेही प्रामाणिकपणे. डोळ्यांच्या सुरकुतीची ही कसोटी वाटली होती तेवढी पक्की नाही, असे गेल्या पंधरा-वीस वर्षांत दिसून आले आहे. पुष्कळ माणसे ती सुरकुती ठरवून आणू शकतात. शिवाय तोंडभर हसले की गाल वर सरकतोच आणि डोळ्यापाशी आपोआप घडी पडते, मग आत आनंद असो वा नसो. आणि आमच्या वयाचे म्हणाल, तर डोळ्यांच्या कोपऱ्यातल्या सुरकुत्या बारा महिने मुक्कामालाच असतात.

आपल्याकडे भरताने नाट्यशास्त्रात हसण्याचे सहा प्रकार सांगून ठेवले आहेत. स्मित, हसित, विहसित, उपहसित, अपहसित आणि अतिहसित. पहिली दोन उत्तम माणसांची, मधली दोन मध्यमांची, शेवटची दोन अधमांची. हसिताच्या वर्णनात डोळे आणि गाल फुललेले, दात किंचित दिसणारे, असे आहे. म्हणजे गाल आणि डोळा यांची जोडी त्यालाही ठाऊक होती. पण गंमत पाहा, त्या सहांत 'खोटे' असा कप्पा नाही. कसा असेल? तो नटांना शिकवत होता. त्याच्या दृष्टीने सगळेच हसू आणायचे होते आणि नीट आणायचे होते.

आपल्या बोलीत मात्र हसण्याचे कप्पे भरपूर आहेत. तोंडदेखले हसू, कसनुसे हसू, ओशाळे हसू, छद्मी हसू, गालातल्या गालात हसणे, खुदकन हसणे, नुसते दात काढणे. त्यातला मला सगळ्यांत मोलाचा वाटतो तो शब्द 'उसने हसू'. ज्याने हा शब्द पहिल्यांदा वापरला त्याला व्यवहार कळत असला पाहिजे. उसने म्हणजे खोटे नव्हे. उसनी घेतलेली शंभराची नोट ही शंभराचीच असते. फक्त ती आपल्या घरची नसते. खोटी नोट निराळी. यंत्रवाले या दोहोंत फरक करत नाहीत, ही माझी मुख्य तक्रार आहे.

आता नानांची गोष्ट.

नाना आमच्या शाखेचे हेड कॅशियर. माझ्याहून बारा-तेरा वर्षांनी मोठे. ऊसबिलाच्या आणि दुधाच्या पगाराच्या दिवशी आमच्या शाखेत पाय ठेवायला जागा नसायची. त्या गर्दीत नाना बंडलावरून अंगठा फिरवता फिरवता मधलीच एखादी नोट बाजूला काढत. उजेडात धरायच्या आधीच ते खोटी नोट बोटांनी ओळखत. माणसांबद्दल मात्र ते कधी असा निवाडा देत नसत. "नोटेला तार असते, साहेब. माणसाला कुठं असते?" असे म्हणायचे.

तीन वर्षांपूर्वीच्या एका सकाळी नाना चहा पीत असताना ओठाच्या डाव्या कोपऱ्यातून चहा ओघळला. सुनेच्या ते लक्षात आले. डावा हातही जरा जड वाटत होता. ते म्हणाले, रात्री हातावर झोपलो असेन. सुनेला शंका आली, पण तेवढ्यात शाळेला निघालेला धाकटा नातू दप्तर उलटे अडकवून समोर आला आणि नाना हसले. नेहमीसारखे, तोंडभर, दोन्हीकडून सारखे. सून मला नंतर म्हणाली, "काका, तोंड वाकडं असतं तर मी तेव्हाच रिक्षा बोलावली असती. पण ते इतकं छान हसले, की मला वाटलं काही नाही." दुपारी जेवताना हातातून घास पडला तेव्हा धावपळ झाली. तोवर गाठ विरघळवणाऱ्या इंजेक्शनची वेळ निघून गेली होती.

दवाखान्यात डॉक्टरांनी नानांना सांगितले, "आजोबा, हसून दाखवा. दात दाखवा." उजवा कोपरा वर गेला, डावा जागच्या जागी. दुसऱ्या दिवशी नातू भेटायला आला, तेव्हा पुन्हा दोन्ही कोपरे सारखे वर. सून चक्रावली. डॉक्टरांनी तिला समजावले ते मी शेजारी उभे राहून ऐकले. चेहऱ्याच्या स्नायूंपर्यंत मेंदूतून दोन वाटांनी हुकूम येतो. सांगितल्यावर हसायचे ती वाट मेंदूच्या वरच्या थरातून निघते. मनात आले म्हणून हसू फुटते ती वाट निराळी, ती आतल्या भागांतून येते. नानांची पहिली वाट उजव्या मेंदूत तुटली होती, म्हणून डावी बाजू सांगितलेले ऐकत नव्हती. दुसरी वाट शाबूत होती. याच्या उलटही होते. काही रोग्यांना हसून दाखवा म्हटले तर सरळ हसता येते, पण मनापासून हसू आले की एक बाजू मागे राहते. कंपवाताच्या रोग्याचा चेहरा निर्विकार दिसतो, त्याला आनंद झाला तरी तो चेहऱ्यावर पोहोचत नाही. घरचे म्हणतात, यांना कशाचे काहीच वाटत नाही.

ड्यूशेनचे बरोबर होते तर. हसण्याच्या दोन जाती आहेत, त्यांचे उगमही वेगळे आहेत. पण त्या सकाळी नानांच्या घरात जे हसू अस्सल होते त्याने सगळ्यांना फसवले. कोणी "नाना, जरा मुद्दाम हसून दाखवा" म्हटले असते, तर त्या कृत्रिम हसण्याने खरे काय ते सांगितले असते. घरोघरच्या वाचकांनी एवढे लक्षात ठेवावे, म्हणून हे सविस्तर लिहिले. घरातल्या माणसाचा हात अचानक जड झाला, बोलणे अडखळले, तर त्याला हसून दाखवायला सांगा, दोन्ही हात उचलायला सांगा, एखादे वाक्य म्हणायला सांगा. यांतले एकही वाकडे दिसले तर त्याच मिनिटाला निघा. ते इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते आणि सगळ्या गावांत ते मिळत नाही, हेही धरून चला. आणि तिन्ही गोष्टी ठीक वाटल्या तरी शंका असेल तर डॉक्टरांकडे जा.

अस्सल हसू फसवते याचा मला व्यवहारातला अनुभवही आहे. १९९३-९४ चा सुमार असेल. टेम्पोसाठी कर्ज मागायला एक तरुण माझ्यासमोर बसला. काय त्याचे हसू! डोळे मिटून जात. क्रमांक सहा, क्रमांक बारा, जे हवे ते त्यात होते. शिपायापासून मॅनेजरपर्यंत सगळी शाखा त्याच्यावर खूश. कर्ज मंजूर झाल्याचे पत्र हातात घेतले तेव्हा तो जे हसला ते मला आजही आठवते. सहा हप्ते भरले आणि टेम्पोसकट गडी नाहीसा झाला. मला वर खुलासा द्यावा लागला. पुढे कित्येक दिवस मी विचार करत होतो, की माझी नजर चुकली कुठे? नजर चुकलीच नव्हती. त्याला आनंद खरोखरच झाला होता. कर्ज मिळाल्याचा आनंद. फेडण्याबद्दल त्या हसण्यात अक्षरही लिहिलेले नव्हते, ते मी माझ्या पदरचे वाचले. खरे हसू एवढेच सांगते, की या माणसाला या क्षणी बरे वाटते आहे. का वाटते आहे आणि पुढे तो काय करणार आहे, हे सांगणारा स्नायू चेहऱ्यावर नाही.

उलट बाजूचा अनुभवही ऐका. आमच्या शाखेत एक क्लार्क बाई होत्या. वडील वारले, दिवसकार्य उरकून त्या पंधराव्या दिवशी कामावर आल्या. नेमका त्या दिवशी तुफान गर्दीचा काउंटर. विड्या वळणारी एक म्हातारी पासबुक घेऊन उभी होती. बाईंनी तिच्याकडे पाहून हसून विचारले, "काय आज्जी, बऱ्या आहात ना?" म्हातारी दोन शब्द जास्तीचे बोलली आणि हलक्या पावलाने गेली. मी नंतर बाईंना म्हटले, तुम्ही आज मागे बसा, काउंटर मी पाहतो. त्या म्हणाल्या, "असू द्या साहेब. तिला काय ठाऊक माझ्या घरचं? तिचा काय दोष?" ते हसू यंत्रापुढे ठेवले तर यंत्र काय म्हणेल? झटकन आले, डोळे हलले नाहीत, सबब बनावट. यंत्राने मोजलेले सगळे बरोबर, आणि नाव मात्र सपशेल चुकीचे. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशिल्ड यांनी विमानातल्या हवाई सुंदरींचा अभ्यास करून १९८३ मध्ये एक पुस्तक लिहिले. पगारासाठी चेहरा हसरा ठेवणे हेसुद्धा श्रमच आहेत आणि ते माणसाला थकवतात, असे त्यात मांडले आहे. आमच्या काउंटरला हे पुस्तक न वाचताच माहीत होते.

हे सगळे घरातल्या खुर्चीपुरते राहिले असते तर मी लेख लिहिला नसता. जपानमध्ये टोकियोजवळच्या केईक्यू रेल्वेने २००९ मध्ये स्थानकांवरच्या कर्मचाऱ्यांसाठी हसू मोजणारे यंत्र बसवले. शून्य ते शंभर गुण. सकाळी कामावर आले की यंत्रापुढे हसायचे आणि गुण पाहायचे. आपल्या देशात २०२१ च्या जानेवारीत लखनौ पोलिसांनी जाहीर केले, की रस्त्यावरच्या कॅमेऱ्यांनी स्त्रियांच्या चेहऱ्यावरचा त्रास ओळखून चौकीला इशारा द्यावा अशी योजना आहे. हेतू चांगला असेल. पण घरी भांडून निघालेली, उन्हाने डोळे बारीक केलेली, दाढ दुखत असलेली बाई आणि संकटातली बाई यांत यंत्र फरक कसा करणार? युरोपीय संघाने कायदा करून २ फेब्रुवारी २०२५ पासून कामाच्या ठिकाणी आणि शाळा-कॉलेजांत माणसाच्या चेहऱ्यावरून त्याच्या भावना ठरवणाऱ्या यंत्रणांवर बंदी घातली. वैद्यकीय आणि सुरक्षेची कारणे तेवढी वगळली. माझ्या मते हीच रेषा आपणही आखावी, आणि अशी यंत्रे बँकांच्या काउंटरवर, दुकानांत, मुलाखतीच्या खोल्यांत शिरण्यापूर्वी आखावी. डॉक्टरांच्या हाती हे यंत्र जरूर द्या. ओठाचा डावा कोपरा उजव्याच्या मागे किती राहतो हे ते माझ्यापेक्षा नेमके सांगेल. साहेबाच्या हाती मात्र देऊ नका. मी साहेब होतो, म्हणून सांगतो. गुणांचा तक्ता समोर आला की माणसाकडे पाहायचे आपण विसरतो.

उसने हसू उसनेच राहते असेही नाही. मुंबईत डॉ. मदन कटारिया यांनी १३ मार्च १९९५ रोजी लोखंडवालाच्या बागेत चार जणांना बरोबर घेऊन हास्य क्लब सुरू केला. सुरुवातीला विनोद सांगून हसत. दोन आठवड्यांत विनोद संपले, उरले ते पाणचट. तेव्हा त्यांनी ठरवले, विनोदाशिवायच हसायचे. आधी मुद्दाम, मग एकमेकांकडे पाहून ते आपोआप येते. गावोगावच्या बागांत सकाळी हात वर करून 'हो हो हा हा' सुरू झाले, तेव्हा मी त्याची यथेच्छ टिंगल केली होती. अनंत फंदींच्या गावचा माणूस, टिंगल आमच्या पाण्यातच आहे. पण २०२२ साली १९ देशांतल्या ३८७८ माणसांवर केलेल्या प्रयोगाचे निष्कर्ष आले. चेहरा मुद्दाम हसरा केला तर मन थोडे उल्हसित होते, असे त्यात निघाले. थोडेच, पण होते. दातांत पेन धरून हसण्याचा एक जुना, गाजलेला प्रयोग होता, त्याचा मात्र तिथे ठाम पुरावा मिळाला नाही. माझी टिंगल मी अर्धी मागे घेतो.

नाना आता काठी टेकत नदीच्या घाटापर्यंत जाऊन येतात. व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंनी त्यांना आरसा दिला आहे. रोज संध्याकाळी त्यापुढे बसून 'ई' म्हणायचे, 'ओ' म्हणायचे, गाल फुगवायचे आणि शेवटी दहा वेळा मुद्दाम हसायचे. पुण्याला परतायच्या आदल्या दिवशी आमची पोरगी कॅमेरा घेऊन त्यांच्याकडे गेली, मीही गेलो. नानांनी आरशात पाहिले आणि जोर लावला. उजवा कोपरा वर गेला. डावा तांदळाच्या दाण्याएवढा हलला असेल. दुसऱ्यांदा थोडा जास्त. तिसऱ्यांदा इतका जोर लावला, की भुवया वर, कान मागे, आणि डावा ओठ जिथल्या तिथे. स्वतःचा तो अवतार आरशात पाहून नानांना हसू फुटले. दोन्ही गाल वर, डोळे बारीक, दोन्हीकडून सारखे. सून स्वयंपाकघरातून बाहेर आली.

पोरीने चित्रण थांबवले आणि माझ्याकडे पाहिले. "मामाआजोबा, सुरुवात मुद्दाम आहे आणि शेवट आपोआप. हे कुठल्या कप्प्यात टाकू?"

नानाच म्हणाले, "पोरी, नोंद नंतर कर. आधी चहा घे."